शेवंतामावशींची बादली

शेवंतामावशी धुणं धुवायला निघाल्या की त्यांच्या बादलीत दोन साड्या आणि एक परकर असायचा, आणि हे तिन्ही कपडे आधीच घरी धुतलेले असायचे. हे माझ्या लक्षात यायला चांगले सहा महिने लागले. मी तेव्हा पवनानगरच्या पुढच्या एका गावात, उपकेंद्रावर नर्स म्हणून नवीनच आले होते. राहायला तळेगावात, रोज कामशेतपर्यंत लोकलगाडीने आणि तिथून पुढे जीपने. मावशी त्या गावच्या आशा, म्हणजे घरोघरी जाऊन बायकापोरांच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या. एकदा त्यांना शोधत गावालगतच्या धरणाच्या काठी गेले, तर दगडावर बसून त्या एका साडीला साबण लावत होत्या. साडीला घडीच्या रेषा तशाच होत्या.

"मावशी, ही तर धुतलेली आहे," मी म्हणाले.

"हळू बोला शिस्टर," त्या म्हणाल्या. "साडी धुतलीया, पर मी धुवायला आलीया."

ही त्यांची काम करायची पद्धत. माझी पद्धत वेगळी होती. माझ्याकडे चित्रांचा मोठा तक्ता होता, त्यात बाईच्या पोटातली रचना गुलाबी आणि निळ्या रंगात काढलेली. मी एखाद्या घरात पाच-सात बायका जमवायची, तक्ता उघडायची आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलेले शब्द घडाघडा बोलायची. बायका पदर तोंडाला लावून बसायच्या. काही विचारायचंय का, म्हटलं की सगळ्या एकदम चहा ठेवायला उठायच्या. मी वैतागून जायची. मग मावशींनीच एकदा मला बाजूला घेतलं. "तुमचं चित्र लय चांगलं हाय, पर घरात उघडलं की सुना सासूकडं बघत्यात. चित्राकडं कोन बघतंय?"

धरणाच्या काठी सासू नसायची. पाण्याजवळ आपटण्याचा आवाज चाललेला असतो, दोन दगडांपलीकडचं ऐकू येत नाही, आणि हाताला काम असलं की माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मावशी नेमक्या ज्या बाईकडे जायचं तिच्या शेजारचा दगड धरायच्या, "जरा साबन दे गं" म्हणायच्या, आणि गप्प बसून कपडे बघायच्या. कपडेच त्यांना सगळं सांगायचे. महिन्याच्या मध्येच रोज परकर धुणारी बाई, कडक झालेला पांढरा डाग, पिवळट डाग, एकाच आठवड्यात तीनदा गोधडी काढलेली बाई. मी शिकलेली, पण मला त्यातलं एक दिसायचं नाही. त्यांना मात्र बाईचं नाव घेण्याआधी तिचं दुखणं कळायचं.

पण कळून उपयोग काय? बाईने स्वतःहून बोलायला हवं. त्यासाठी मावशींनी आणखी एक युक्ती काढली होती. त्या समोरच्या बाईचं दुखणं आपलंच म्हणून सांगायच्या. "मला बाई चार दिस झालं खाली लय खाज सुटलीया. तुला झालं व्हतं का गं कदी?" असं साबण चोळता चोळता. मग ती बाई इकडे तिकडे बघून म्हणायची, "मला बी हाय की वो मावशी." झालं, गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी ती बाई माझ्या खोलीत हजर.

त्यामुळे मावशींना एका आठवड्यात चार आजार व्हायचे. सोमवारी पांढरं जायचं, बुधवारी लघवीला जळजळ, शुक्रवारी अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकायची. उपकेंद्रात येऊन त्या मला सांगायच्या, "शिस्टर, आज मला अंग भाईर आल्यागत झालंय," आणि मी विचारायची, "कुणासाठी?" मग त्या नाव सांगायच्या. आमच्या दोघींची ही ठरलेली थट्टाच झाली होती. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, काळीसावळी, ओठाच्या कोपऱ्यात मिश्री धरलेली ही बाई गावातल्या प्रत्येकीचं दुखणं आलटून पालटून अंगावर घ्यायची आणि स्वतः मात्र खुटखुटीत असायची. निदान मी तसं धरून चालले होते.

दोन गोष्टींबाबत मात्र त्या कुणाचं ऐकत नसत. एक म्हणजे आतून धुणं. बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, आत काही घालायचं नाही. साबण नाही, तुरटी नाही, मिठाचं पाणी नाही. "आतलं आंग सोताला सोता धुतंय, तुमी त्याच्या मदी पडू नगा," असं त्या म्हणायच्या. आणि दुसरी म्हणजे ऊन. पाळीचे कपडे बायका साडीखाली, गोठ्यात, माळ्यावर, कुठेकुठे दडवून वाळवायच्या. पावसाळ्यात तर ते वाळायचेच नाहीत, ओलेच वापरायच्या. भातलावणीला दिवसभर पाण्यात, वर अंगाखाली ओलं कापड, मग मांड्या सोलून निघायच्या. मावशी स्वतःची पाळी होती तोवर आपले कपडे अंगणातल्या पुढच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, उघडे वाळत घालायच्या. त्यांचे यजमान दगडूभाऊ चिडायचे. मावशी ऐकून घ्यायच्या आणि कपडे तिथेच ठेवायच्या. मी गेले तोवर त्यांची पाळी जाऊन तीनेक वर्षं झाली होती, त्यामुळे ती दोरी मी रिकामीच पाहिली.

सारिकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मावशी कळायच्या नाहीत. सारिका वीस-बावीस वर्षांची, धरणाकाठच्या एका कॅम्पसाइटवर तंबू झाडायला आणि संडास धुवायला जायची. पाहुण्यांसाठी चकाचक संडास, पण कामाच्या बायकांनी तिथे जायचं नाही असा नियम. त्यामुळे ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही आणि लघवी दाबून धरायची. पांढरं जाणं तर आधीपासून होतंच. एक दिवस मावशी तिला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. पोरीला धड चालता येत नव्हतं. संडासाची फरशी पुसायचं ते वासाचं औषध असतं ना, ज्याच्या बाटलीवर सगळे जंतू मरतात असं लिहिलेलं असतं, ते तिने पाण्यात कालवून आपलं अंग धुतलं होतं. एक दिवस नाही, आठ दिवस.

"त्यानं फरशी येवढी साफ व्हती," ती रडत म्हणाली. "मला वाटलं मी बी व्हईन."

मला तिच्यावर राग आला, आणि लगेच आपलीच लाज वाटली. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू घान न्हाईस गं. तुला आजार हाय. दोन्ही येगळं हाय." मी इतके दिवस तक्ता घेऊन फिरले, पण हे वाक्य माझ्या तक्त्यात नव्हतं.

सारिकाला पवनानगरच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नवऱ्यालाही द्या, नाहीतर हे परत परत होणार. नवरा कामशेतच्या रस्त्यावर जीप चालवायचा. तो म्हणाला, दुखणं बाईचं, गोळी मी कशाला घेऊ? दोनदा सारिका बरी झाली आणि दोनदा परत तेच. सारिका म्हणाली, कालवणात कालवून देते. मावशी म्हणाल्या, "चोरून न्हाई. त्याला कळूनच घेऊ दे." मग एका सकाळी मावशी त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. पवनानगर ते कामशेत. उतरल्या नाहीत. जीप भरली, परत आली. तरी उतरल्या नाहीत. दुसरी फेरी, तिसरी फेरी. मांडीवर गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याची बाटली. त्याच्याशी अवाक्षर नाही. जीपमधली माणसं विचारायला लागली, मावशी कुटं निघालाय? मावशी म्हणायच्या, "हितंच हाय." चौथ्या फेरीला त्याने जीप बाजूला घेतली, हात पुढे केला आणि गोळी गिळली. पुढचे सगळे डोसही त्याने निमूट घेतले, कारण मावशी रोज थांब्यावर उभ्या असायच्या.

हे सगळं त्या कशासाठी करायच्या, ते एकदा त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या थोरल्या जाऊबाई होत्या, हौसाबाई. पाळी जाऊन पाच वर्षं झाल्यावर त्यांना परत अंगावर जायला लागलं. पाणवठ्यावरच्या बायकांनी थट्टा केली, हौसाबाई परत तरण्या झाल्या म्हणून. हौसाबाईही हसल्या. शेवंतामावशीही हसल्या. गेलेली पाळी परत येत नसते, आली तर ते दुखणं असतं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? हौसाबाई गेल्या तेव्हा शेवटचे दोन महिने घरात वास मावत नव्हता, माणसं जेवायला बाहेर बसायची. "मीच पुसायचे त्यास्नी," मावशी म्हणाल्या. "तवाच ठरवलं, आता हसायचं न्हाई, इचारायचं."

आता मी जे सांगणार आहे ते मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी आम्ही दोघी जीपच्या थांब्यावर उभ्या होतो. दिवसभर लसीकरण झालं होतं, माझे पाय दुखत होते, मला गाडी गाठायची होती. मावशी म्हणाल्या, "शिस्टर, माझी पाळी परत सुरू झालीया. तीनदा गेलं अंगावर."

मी हसले. "आता कुणासाठी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याही थोड्या हसल्या. "हाय येकजन," त्या म्हणाल्या.

"मग घेऊन या तिला. उद्याच आणा, हे लांबवायचं दुखणं नाही."

"आनते," त्या म्हणाल्या.

जीप आली, मी चढले. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. दोन दिवसांनी मी विचारलं, ती बाई कुठाय? मावशी म्हणाल्या, "माहेराला गेलीया." मी परत एकदा विचारलं असेल, नसेल. माझ्याकडे तेव्हा तपासणी शिबिराची गडबड होती. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची. यादी मावशींनीच केली, घरोघरी जाऊन. एकोणीस बायका त्यांनी आणल्या. प्रत्येकीचा हात धरून त्या टेबलाशेजारी उभ्या राहिल्या, "सैल सोड गं, काय न्हाई व्हत," म्हणत. यादी करणाऱ्या बाईचं स्वतःचं घर यादीत नव्हतं. मला ते दिसलं नाही. एकोणीस जणींची तपासणी करून मी समाधानाने पाठ टेकली.

आषाढात सारिकाचा फोन आला. लावणी जोरात होती, मला वाटलं कुणाला साप चावला. ती म्हणाली, "शिस्टर, मावशींच्या बादलीत दोन म्हैने झालं परकर न्हाई."

मला काही कळेना. ती म्हणाली, "आदी दोन साड्या आन येक परकर असायचा. आता नुसत्या साड्या आनत्यात. त्यांच्याकडं पांढरा परकर उरला न्हाई, शिस्टर. सगळ्याला डाग पडल्यात. मावशींनीच शिकवलंय आमाला बघायला."

मी फोन खाली ठेवला आणि मला थांब्यावरची ती संध्याकाळ शब्दान् शब्द आठवली.

त्याच दिवशी मावशींच्या घरी गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, अंगाखाली पोत्याची घडी. त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं की मला कळलंय. त्या उठल्या, साडी बदलली आणि माझ्याबरोबर निघाल्या. पवनानगरला डॉक्टरांनी तपासलं आणि हातमोजे काढून लगेच पुण्याला पाठवायची चिठ्ठी लिहिली. मग पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, रांगा, तुकडा काढून तपासायला देणं, फोटो, रिपोर्ट. मी रजा टाकून प्रत्येक वेळी गेले. काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी ओळखीच्या सगळ्या नर्सना फोन केले, कागद घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळाले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेलं आणि सांगितलं की आजार पोटात पसरलाय, आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. थोडं आधी आल्या असत्या तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या.

परतीच्या जीपमध्ये मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, तुम्ही सगळ्यांना धरून आणलंत. मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "येकदा. जीपपाशी."

मी मांडीवरचे रिपोर्ट उगाच सारखे करायला लागले.

"तुमचा दोस न्हाई," त्या पुढे म्हणाल्या. "मी रोजच तसं सांगायची. तुमी हसलात, मग मलाबी वाटलं, आसंल खोटंच. हौसाबाईचं बघितलं व्हतं ना डोळ्यानं, लय भ्या वाटायचं. खोटं आसलं तर बरं, आसं म्हनून दिस काढलं."

मी त्यांना किती वेळा सॉरी म्हणाले ते मला आठवत नाही. त्यांनी एकदाही 'असू दे' म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. खरं तर मी नर्स. पाळी गेल्यावर रक्त गेलं की तपासायचं, हे मी तक्त्यावर बोट ठेवून शेकडो वेळा सांगितलं होतं. ज्या बाईने मला बायकांचं ऐकायला शिकवलं, तिचंच मी ऐकलं नाही.

पुढे मला जमलं ते एवढंच: आठवड्यातून तीनदा जायचं, दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या, अंग पुसायचं, दगडूभाऊंना अंगाखालचं दुपटं कसं बदलायचं ते दाखवायचं. दगडूभाऊ पहिल्यांदा तोंड फिरवायचे, मग शिकले. सारिकाने कॅम्पसाइटवरचं काम सकाळपुरतं केलं आणि मावशींचे कपडे धुवायची जबाबदारी घेतली. ती घरामागे धूत नव्हती. बादली घेऊन सरळ धरणावर जायची, सगळ्यांच्या मधला दगड धरायची आणि तिथे धुवायची. बायका सरकून बसायच्या, पण बघायच्या. त्या बादलीत पहिल्यांदाच खरोखर धुवायचे कपडे असायचे.

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते भात काढून झाल्यावर, एका दुपारी. खाट ओसरीवर आणली होती. त्या इतक्या लहान झाल्या होत्या की गोधडीत दिसतच नव्हत्या. अंगणात पुढच्या दोरीवर सारिकाने सगळे कपडे वाळत घातले होते, परकर, दुपटी, फडकी, रस्त्याकडे तोंड करून. डाग कितीही घासले तरी गेले नव्हते. दगडूभाऊ उठले आणि एक परकर दोरीवरून ओढायला लागले. "रस्त्यानं मानसं जात्यात," ते पुटपुटले.

"ऱ्हाऊ द्या," खाटेवरून आवाज आला. "ऊन लागू द्या."

दगडूभाऊंनी परकर परत दोरीवर टाकला आणि हाताने सरळ केला. मग मावशींनी मला खुणेने जवळ बोलावलं. "शिस्टर, रस्त्यावरनं दिसतंय का?"

मी अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेले, वळून बघितलं आणि परत आले. "दिसतंय," मी म्हटलं.

"डाग?"

"डागही दिसतात."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "मग बाया इचारतील. इचारलं तर सांगा. ह्या टायमाला माझंच हाय म्हनून सांगा."

मी हो म्हटलं. निघायची वेळ झाली तसं मी त्यांचा हात सोडला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. जीप आली. आत सहा-सात बायका होत्या, वरच्या वाडीतून कामशेतच्या बाजाराला निघालेल्या. एकीने दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "कुनाचं वो हे, शिस्टर?"

"मावशींचं," मी म्हटलं. "त्यांचं स्वतःचं. पाळी गेल्यावर परत सुरू झालं होतं."

जीपमध्ये कुणी हसलं नाही.